जुन्या घरगुती वस्तू वापरायला घेताना: पहिल्यांदाच हात लावणाऱ्यांसाठी

बिडाचा तवा, दुधारी ब्लेडचे रेझर, धुण्याचा सोडा, नीळ, चावीचे घड्याळ. या वस्तू अजून मिळतात आणि त्यांना धरून बसलेली माणसेही कमी नाहीत. नवखा माणूस मोठ्या हौसेने त्यातली एखादी आणतो, पंधरा दिवसांत वैतागतो आणि ती माळ्यावर जाते. वस्तूत बहुधा काही खोट नसते. तिच्याबरोबर जी सवय लागते ती कुठल्याच खोक्यावर छापलेली नसते, कारण पूर्वी ती घरात बघूनच अंगवळणी पडायची. तीच सवय इथे कारणांसह मांडली आहे. सगळे एकदम सुरू करू नका. एक वस्तू घ्या, ती महिनाभर वापरा आणि मग दुसरीकडे वळा.

बिडाचा तवा किंवा कढई

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, जड आणि ठिसूळ असते, उष्णताही सावकाश पसरवते. ॲल्युमिनियम साधारण चौपट वेगाने उष्णता वाहून नेते. तरी बीड हवेसे वाटते, कारण एकदा तापले की ते तापलेलेच राहते, आणि तेलाचा नीट मुरलेला थर बसला की त्यावर पदार्थ चिकटत नाही. हा थर म्हणजे तेलकटपणा नव्हे. तेल पातळ पसरून खूप तापवले की त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि लोखंडाला धरून कडक पापुद्रा तयार होतो. तवा मुरवणे म्हणजे हा पापुद्रा चढवणे.

१. नवा तवा गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने घासा. कारखान्यातून निघताना गंज चढू नये म्हणून त्यावर मेण किंवा तेल लावलेले असते. ‘आधीच मुरवलेला’ असे लिहिले असेल तर फक्त धुवा. तरीही पुढचा एक हात दिला तर फायदाच होतो.

२. पुसून लगेच मंद आचेवर पाच मिनिटे ठेवा. डोळ्यांना कोरडे दिसणारे बीड बारीक खळग्यांत ओले असू शकते.

३. तवा कोमट असताना अर्धा चमचा सूर्यफुलाचे किंवा तसलेच साधे तेल आतून, बाहेरून आणि दांड्यालाही चोळा.

४. आता कोरडे फडके घेऊन ते सगळे तेल पुसून काढा, जणू चुकून लागले होते. तवा जवळजवळ कोरडा दिसला पाहिजे. बहुतेकांचा तवा याच पायरीवर बिघडतो.

५. ओव्हन असेल तर तवा उपडा ठेवून २३० अंश सेल्सिअसला एक तास तापवा आणि आतच गार होऊ द्या. ओव्हन नसेल तर मध्यम आचेवर धूर येऊन थांबेपर्यंत तापवा. तवा फिरवत राहा, नाहीतर थर फक्त मधोमध बसतो. खिडकी उघडी ठेवा. लाकडी मूठ असेल तर आधी काढा.

६. तिसऱ्या पायरीपासून हे तीन-चार वेळा करा.

तवा चिकट झाला, हात लावला की बोटे ओढली जातात, तर तेल जास्त राहिले किंवा ताप कमी पडला. तसाच पुन्हा तासभर तापवा. तरी चिकट राहिला तर घासून पुन्हा पहिल्यापासून. पापुद्रे सुटत असतील तर थर जाड होता. काही जण जवसाच्या तेलाचे गुण गातात. त्याचा थर काचेसारखा कडक आणि देखणा होतो खरा, पण रोजच्या वापरात तोच आधी टवके टाकतो. साधे तेल बरे.

पहिले काही आठवडे तव्यावर तेलात परतायचे पदार्थच करा. अंडे पहिल्याच दिवशी करायला गेलात तर ते चिकटणारच. टोमॅटो किंवा आंबट रस घालून तासभर शिजवायचे काम याच्याकडे देऊ नका. आम्ल थर खाते आणि पदार्थाला लोखंडाची चव येते. आच नेहमी मध्यम ठेवा आणि पदार्थ टाकण्याआधी पाच-सात मिनिटे तवा तापू द्या. मोठ्या आचेवर घाईने तापवला तर मध्य जळतो आणि कडा थंड राहतात. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नका. बीड तडकते आणि तडकलेले बीड घरच्या घरी जोडता येत नाही. काचेच्या शेगडीवर तवा सरकवू नका, उचलून ठेवा.

साबण लावू नये ही समजूत जुन्या काळच्या कॉस्टिक सोडा असलेल्या तिखट साबणांपासून आली. कॉस्टिक खरोखरच थर उतरवते. आजच्या भांड्यांच्या साबणाच्या दोन थेंबांनी मुरलेल्या थराला काही होत नाही. थराचा खरा शत्रू पाणी आहे. भिजत ठेवणे, रात्रभर सिंकमध्ये ठेवणे आणि डिशवॉशर, हे तिन्ही वर्ज्य. धुतल्यावर पुसा, आचेवर वाळवा, तेलाचा हात फिरवा.

गंज चढला तर घाबरू नका. तारेच्या घासणीने घासा. भागत नसेल तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन अर्धा तास ठेवा, त्याहून जास्त नको, कारण गंज संपल्यावर आम्ल चांगल्या लोखंडाकडे वळते. मग धुवा, वाळवा आणि पुन्हा मुरवा.

जुन्या बाजारातून तवा घेताना बोटाने टिचकी मारून बघा. चांगले बीड घंटेसारखे वाजते, तडकलेले बद्द वाजते. जुनी बिडाची भांडी कधीकधी शिसे वितळवायला वापरलेली असतात. तळाशी करडी, मऊ, खरवडली की चमकणारी पुटे दिसली तर ते भांडे सोडून द्या. ते घासून सुरक्षित होत नाही.

दुधारी ब्लेडचे सेफ्टी रेझर

टाकून द्यायच्या पातळ ब्लेडच्या रेझरचे अमेरिकन पेटंट किंग कॅम्प जिलेट यांना १९०४ मध्ये मिळाले. दुधारी ब्लेडचा आकार एकदा ठरल्यावर फारसा बदललेला नाही, म्हणून बहुतेक जुन्या रेझरना आजचे ब्लेड बसते. एकच पाते, फिरणारे डोके नाही, कचरा कमी. मात्र चार-पाच पात्यांच्या कार्ट्रिजवर लागलेली दाबण्याची सवय इथे घेऊन आलात तर रक्त ठरलेले.

पहिले रेझर तीन भागांचे घ्या: टोपी, तळपट्टी आणि मूठ. बिघडण्यासारखे त्यात काही नसते. मूठ फिरवली की दारे उघडावीत तशी उघडणारी रेझर मजेदार असतात, पण त्यांच्या बिजागरीत साबण साठतो. ब्लेड लावताना ते अरुंद टोकांनी धरा, धारेने कधीच नाही. मूठ आवळल्यावर समोरून बघा. दोन्ही बाजूंना ब्लेड सारखेच बाहेर आले पाहिजे. एका बाजूला जास्त दिसत असेल तर ढिले करून पुन्हा आवळा. एकाच गालावर कापते अशी तक्रार बहुतेक वेळा यातूनच येते.

दाढीआधी दोन मिनिटे चेहऱ्यावर कोमट पाणी घ्या. भिजलेला केस कोरड्यापेक्षा पुष्कळ सहज कापला जातो. जनावराच्या केसांचा ब्रश दोन-तीन मिनिटे कोमट पाण्यात भिजवा. कृत्रिम केसांच्या ब्रशला भिजवण्याची गरज नाही. ब्रश झटकून साबणावर अर्धा मिनिट फिरवा, मग चेहऱ्यावर किंवा वाटीत फेस करा आणि पाणी काही थेंबच घालत जा. मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झाले किंवा साबण कमी पडला. फेस चेहऱ्यावर सुकू लागला तर पाणी कमी आहे. पाणी जड असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतील, तर साबणाचा फेस मरतो. अशा वेळी साबणाऐवजी क्रीम वापरा किंवा फेसापुरते उकळून गार केलेले पाणी घ्या.

टोपी गालावर टेकवा, मूठ गालापासून सरळ बाहेर काढलेली असू द्या. आता मूठ हळूहळू खाली आणा. पाते केसाला लागल्याचा बारीक आवाज येईल. तोच कोन, साधारण ३० अंश. मनगट स्थिर ठेवून दोन-तीन सेंटिमीटरचे छोटे फटके द्या. वजन रेझरचेच पुरे. मुठीच्या टोकाला दोन बोटांनी धरा, म्हणजे दाबायचा मोहच होत नाही. दुसऱ्या हाताने कातडी ताणा.

पहिल्या आठवड्यात फक्त केसांच्या दिशेने एक हात मारा आणि थांबा. थोडी खुंटे राहिली तर राहू द्या. पहिला आठवडा झाल्यावर, पुन्हा फेस लावून आडव्या दिशेने दुसरा हात. उलट्या दिशेने दाढी करण्याची घाई करू नका. आत वाढलेले केस आणि मानेवरचे लाल पुरळ त्यानेच होतात. मानेवरचे केस अनेकांचे तिरपे किंवा खालून वर वाढतात. दोन दिवसांची दाढी असताना बोट फिरवून कुठल्या दिशेने खरखर कमी लागते ते एकदा नीट बघून ठेवा.

झाल्यावर गार पाणी आणि ओल्या चेहऱ्यावर तुरटीचा खडा. तुरटी जिथे झोंबते तिथे तुम्ही दाबले होते. इतका प्रामाणिक शिक्षक दुसरा नाही. ब्लेड पुसू नका, त्याने धार मरते आणि बोटही कापते. मूठ अर्धा फेरा ढिली करून पाण्याखाली धरा आणि झटका. एक ब्लेड चार ते सहा दाढ्या चालते. केस ओढले जायला लागले की बदला. वापरलेली ब्लेड झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका, उघड्या कचऱ्यात नाही. विमानाच्या केबिनमध्ये ब्लेड नेऊ देत नाहीत, रेझर रिकामे असले तर साधारण चालते.

जुने रेझर घेतले तर भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश पुरतो. उकळू नका, काहींचा मुलामा सुटतो.

धुण्याच्या कपाटातल्या चार गोष्टी

इथे नावांचा घोळ जीवावर बेतू शकतो. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, सौम्य. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, चांगलाच तीव्र, हातमोजे हवेत. कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, जो कातडी जाळतो. नवख्याने तो घरात आणूच नये. तिन्ही पांढरे दिसतात, म्हणून मूळ पाकिटातून बरणीत काढले तर बरणीवर नाव लिहा.

धुण्याचा सोडा पाणी हलके करतो. साबणाच्या आधी घातला तर तो कॅल्शियमला पकडतो आणि साबण मळासाठी मोकळा राहतो. दोन्ही एकदम घातले तर साबणाचा बराचसा भाग पाण्यातल्या क्षारांशी जुळून चिकट चोथा होतो आणि कपडे करडे पडतात. म्हणून क्रम असा: १० लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा कोरडी पूड, पाच मिनिटे थांबणे, मग साबण. खड्यांचा सोडा असेल तर अडीच ते तीन चमचे घ्या. खड्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचेच असते, त्यामुळे १०० ग्रॅम कोरड्या पुडीचे काम करायला सुमारे २७० ग्रॅम खडे लागतात. ‘सोडा कामच करत नाही’ किंवा ‘सोड्याने कपडा खाल्ला’ या दोन्ही तक्रारींच्या मुळाशी बऱ्याचदा हा फरक असतो. लोकर आणि रेशीम सोड्यात घालू नका, त्या धाग्यांतले प्रथिन अल्कलीने, म्हणजे सोड्यासारख्या पदार्थाने, सडते. ॲल्युमिनियमचे भांडेही नको, काळे पडते. आजच्या चांगल्या डिटर्जंटमध्ये पाणी हलके करणारे पदार्थ आधीच असतात, तेव्हा पाणी मुळात हलके असेल तर सोडा वेगळा घालण्यात अर्थ नाही.

व्हिनेगरचे काम नेमके उलटे: सोडा तेल आणि मळ काढतो, व्हिनेगर क्षार काढतो. किटलीतल्या पांढऱ्या पुटाला समप्रमाणात व्हिनेगर आणि पाणी घालून उकळा, बंद करून अर्धा तास ठेवा, ओता, मग साध्या पाण्याच्या दोन उकळ्या काढून टाका. संगमरवर आणि चुनखडीच्या फरशीवर व्हिनेगर कधीही नाही. पुटे आणि ती फरशी एकाच पदार्थाची आहेत, आम्ल दोघांत भेद करत नाही.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेसाळताना बघायला छान वाटते, पण तिथे दोघेही एकमेकांना संपवतात. उरते ते कार्बन डायऑक्साइड आणि जवळजवळ निरुपयोगी क्षाराचे पाणी. तुंबलेल्या नळीचे काम त्या फेसाने झाल्यासारखे वाटते तेव्हा ते बहुधा मागून ओतलेल्या कढत पाण्याने झालेले असते. दोन्ही हवे असतील तर आधी सोडा, मग भरपूर पाणी, मग व्हिनेगर. आणि क्लोरीनच्या ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनिया कधीही मिसळू नका. पहिल्यातून क्लोरीन वायू सुटतो, दुसऱ्यातून क्लोरामाइन. बंद न्हाणीघरात दोन्ही जीवघेणे ठरू शकतात.

नीळ कपडा स्वच्छ करत नाही, पिवळसरपणा झाकते. पिवळ्यावर निळ्याची झाक आली की डोळ्याला ते पांढरे वाटते. कपडा आधी स्वच्छ धुतलेला असला पाहिजे आणि साबण, सोडा पूर्ण निघालेला असला पाहिजे. काही निळींत प्रशियन ब्लू हे लोखंड असलेले रंगद्रव्य असते. ते अल्कलीत फुटते आणि लोखंड सुटून तांबूस डाग पडतात, जे नंतर गंजाच्या डागासारखे हट्टी होतात. पाच-सहा थेंब आधी मगभर पाण्यात ढवळा, मग १० लिटर गार पाण्यात ओता आणि पुन्हा ढवळा. हात बुडवून तळवा बघा, पाणी जेमतेम निळसर दिसले पाहिजे. कपडा झटकून, उलगडून टाका, मिनिटभर सतत हलवा, पिळा आणि लगेच वाळत घाला. बुडवून विसरलात की घड्यांमध्ये पट्टे उठतात. पट्टे उठले तर वाळू न देता लगेच डिटर्जंटने धुवा. इस्त्री केल्यावर ते पक्के होतात.

खळ कडक सुती कपड्यांनाच घाला: एक मोठा चमचा मक्याचे स्टार्च थोड्या गार पाण्यात कालवून लिटरभर उकळत्या पाण्यात ढवळत ओतायचे. गुठळ्या झाल्या तर गाळा. खळ घातलेले कपडे वर्षभरासाठी ठेवून देऊ नका, खळ खाणारे किडे त्यांना लागतात.

लंबकाचे, चावीचे घड्याळ

जास्त चावी दिली म्हणून बिघडले असे अनेक घरांत सांगतात. पूर्ण चावी भरलेली स्प्रिंग बिघडलेली नसते. घड्याळ थांबते ते बहुधा आतले तेल सुकून त्यात धूळ बसल्यामुळे. त्यावर गंज सोडवणारा फवारा मारू नका. तो मूळ तेल धुऊन काढतो आणि नंतर स्वतः चिकट होतो. ते काम घड्याळजीचे.

तुमचे काम एवढेच. एका चावीत आठ दिवस चालणारे घड्याळ असेल तर दर आठवड्याला ठरलेल्या वारी चावी द्या. टिक आणि टॉक यांतले अंतर सारखे ऐकू येते का ते बघा. लंगडत असेल तर घड्याळाचे एक टोक अगदी किंचित वर-खाली करून सारखे करा, नाहीतर ते तासाभरात थांबेल. वेळ लावताना काटे पुढेच फिरवा आणि प्रत्येक ठोक्याला थांबून तो पूर्ण वाजू द्या. जुन्या ठोक्यांच्या घड्याळात काटे मागे फिरवले की ठोके आणि वेळ यांची ताटातूट होते.

घड्याळ मागे पडत असेल तर लंबकाखालचे नट वर घ्या, पुढे जात असेल तर खाली. सुमारे ९९ सेंटिमीटरच्या, सेकंदाला एक झोका घेणाऱ्या लंबकात एक मिलिमीटरचा फरक म्हणजे दिवसाला साधारण ४३ सेकंद. छोट्या लंबकात तेवढाच मिलिमीटर आणखी जास्त फरक पाडतो. म्हणून नट थोडेसे फिरवा आणि पूर्ण एक दिवस थांबा. तापमान दहा अंशांनी वाढले तर पोलादी दांडा लांबतो आणि घड्याळ दिवसाला पाचेक सेकंद मागे पडते, त्याचा दोष नटाला देऊ नका. घड्याळ हलवण्याआधी लंबक काढून घ्या.

ज्यांना धरून बसू नये

पाऱ्याचा थर्मामीटर. २०१३ मध्ये स्वीकारलेल्या मिनामाता या पाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात पाऱ्याच्या थर्मामीटरचे उत्पादन २०२० नंतर थांबवण्याचे ठरले. घरात असलाच तर घातक कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्या. फुटला तर झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, दोन्ही पारा पसरवतात. मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, हातमोजे घाला, कडक कार्डाने गोळे एकत्र ढकला, ड्रॉपरने उचला आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.

कापडी आवरणाच्या वायरींची जुनी उपकरणे. आवरण विरते आणि आतले रबर चुरते, तेव्हा वायर बदलल्याशिवाय प्लग लावू नका. इस्त्रीच्या फळीवरचे जुने अस्बेस्टसचे कापड असेल तर ते फाडू किंवा घासू नका. ओले करून, पिशवीत बंद करून, घातक कचऱ्यातच द्या.

नॅफ्थॅलिनच्या डांबरगोळ्या. गोळी घट्ट बंद पेटीत असली तरच तिची वाफ कसरीला मारण्याइतकी साठते. कपाटात नुसती टाकली की किडा वाचतो आणि वाफ तुम्ही श्वासात घेता. जी६पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या बाळांच्या रक्तपेशी तिच्यामुळे फुटू शकतात, त्यामुळे गोळ्यांच्या पेटीतले कपडे, दुपटी बाळाला वापरू नका. लोकर खाणारी ती अळी, उडणारा पतंग नव्हे, आणि ती घाम व डागांकडे आधी जाते. म्हणून लोकरीचे कपडे धुऊन, पूर्ण वाळवूनच ठेवा. कसर लागलीच असेल तर कपडा पिशवीत घालून हवा दाबून काढा, उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर लोकरीवर दव धरते. मग झटका, ब्रश करा आणि कपाटाचे कोपरेही व्हॅक्यूमने काढा, कारण अंडी तिथेही असतात.